केळीची २६ टिश्यू कल्चर रोपं बरणीबाहेर काढली, १९ गेली: नेमकं काय झालं आणि पुढच्या लॉटला काय बदललं

टिश्यू कल्चरची (म्हणजे बरणीतल्या निर्जंतुक मिश्रणात वाढवलेली) रोपं बरणीतून काढून कपांत लावली, कप बंद डब्यात ठेवले, आणि पाचव्या दिवशी दुपारी डब्याचं झाकण पूर्ण काढून ठेवलं आणि संध्याकाळी येऊन बघते तर २६ च्या २६ रोपांची पानं खाली लोंबलेली. सकाळपर्यंत हीच रोपं इतकी ताठ आणि हिरवीगार होती की मला वाटलं आता यांना काही होत नाही. पुढच्या तीन आठवड्यांत त्यातली १९ गेली. मुनव्याच्या (केळीच्या बुडाशी फुटणाऱ्या पिल्लाच्या) कंदातला शेंडा बरणीत लावल्यापासून इथपर्यंत यायला आठ महिने लागले होते, त्यामुळे ते किती लागलं हे ज्यांनी घरी टिश्यू कल्चर केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. पण मी रोज फोटो काढत होते, वहीत दोन ओळी लिहीत होते, म्हणून नंतर शांतपणे बसून एकेका रोपाचा हिशोब लावता आला. आणि तो लावल्यावर कळलं की मी जिला दोष देत होते ती बुरशी मुळात नंतर आलेली होती.

आधी सेटअप सांगते म्हणजे पुढचं कळेल. जात ग्रँड नैन. काम ग्लव्ह बॉक्समध्ये, हात आणि आतली सगळी बाजू ७० टक्के अल्कोहोलने पुसून, आणि मीडिया (बरणीतलं पोषक मिश्रण) प्रेशर कुकरमध्ये १५ पीएसआयवर २० मिनिटं. कोंब वाढवायला पूर्ण ताकदीचा एमएस मीडिया (मुराशिगे आणि स्कूग यांनी १९६२ साली तंबाखूच्या ऊतींसाठी बसवलेला, आजही जवळपास सगळे तिथूनच सुरुवात करतात), त्यात लिटरला ४ मिलिग्रॅम बीएपी (कोंब फुटवणारं हार्मोन), ३० ग्रॅम साखर, ७ ग्रॅम अगार (मीडिया घट्ट करायला), पीएच ५.८. सहा वेळा सबकल्चर केलं, म्हणजे कोंब सुटे करून ताज्या मीडियात हलवले. त्यानंतर रुटिंगसाठी, म्हणजे मुळ्या फुटवायला, अर्ध्या ताकदीचा एमएस, लिटरला १ मिलिग्रॅम आयबीए (मुळ्यांचं हार्मोन) आणि १ ग्रॅम ॲक्टिव्हेटेड चारकोल. चारकोल घातला की मीडिया काळा होतो म्हणजे मुळ्यांना अंधार मिळतो, केळीच्या कापलेल्या भागातून जे काळपट फिनॉल सुटतात ते तो ओढून घेतो, आणि मागच्या मीडियातून कोंबात शिल्लक राहिलेला बीएपीसुद्धा बराचसा ओढतो. आयबीएही थोडा ओढतोच, पण केळीला त्याचं फारसं काही वाटत नाही, हार्मोन न घालतासुद्धा तिला मुळ्या फुटतात. एक करा मात्र, कुकरमधून काढल्यावर मीडिया घट्ट होईपर्यंत बरणी अधूनमधून हलवत राहा, नाहीतर सगळा चारकोल तळाला जाऊन बसतो आणि वरचा अगार पांढराच राहतो.

रुटिंगमध्ये मला एकच अडचण आली आणि ती या बीएपीचीच. पहिल्या वेळी मी कोंबांचे गुच्छ थेट रुटिंग मीडियात टाकले होते, तर काही बरण्यांमध्ये मुळ्या सोडून अजून बारीक बारीक कोंबच फुटत राहिले, कारण आधीचा बीएपी आत शिल्लक होता. मग गुच्छ सुटे करून एक महिना बिनहार्मोनच्या मीडियात ठेवले, कोंब उंच झाले, बुंधा जरा जाड झाला, आणि त्यानंतर रुटिंगमध्ये टाकल्यावर ८-१० दिवसांत पांढऱ्या मुळ्या दिसायला लागल्या. म्हणजे घरच्या केळीत मुळ्या फुटणं हा खरा प्रश्न नाहीच. मी मात्र त्याच्यावरच सगळं लक्ष दिलं, जितक्या लांब मुळ्या तितकं रोप बळकट असा माझा पक्का समज होता, आणि मुद्दाम वाट बघत राहिले.

त्यामुळे पहिल्या लॉटमधल्या बहुतेक बरण्या रुटिंगमध्ये सात आठवडे राहिल्या. मुळ्या १०-१२ सेंटीमीटर, तळाला गोल गोल फिरलेल्या, काही ठिकाणी तपकिरी पडलेल्या, आणि पानं झाकणाला टेकलेली. बाहेर काढताना अगारातून त्या मुळ्या सुटेनात, नळाखाली धरून धुतल्या तर निम्म्या तुटल्या. २०० मिलिलिटरच्या भोकं पाडलेल्या कपांत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि परलाइट (हलके पांढरे खडे) भरून लावली, सगळे कप पारदर्शक प्लास्टिकच्या मोठ्या डब्यात, वर झाकण. तिसऱ्या दिवशी झाकण अर्धं सरकवलं. पाचव्या दिवशी काढलं. 'हळूहळू हवा द्या' हे मला माहिती होतं, पण हळूहळू म्हणजे किती हे माहिती नव्हतं, आणि पाच दिवस मला खूप वाटले.

पानं लोंबल्यावर घाबरून मी दोन चुका एकदम केल्या. झाकण परत लावलं ते ठीक, पण कपांत भरपूर पाणी ओतलं आणि रोज ओतत राहिले. सातव्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी, नवव्या दिवशी बुंध्यापाशी पांढरी बुरशी आणि काही रोपं बोट लावलं तरी कोलमडायला लागलेली. मग कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक. त्याने काहीच फरक पडला नाही. चौदाव्या दिवशी १६ गेलेली, तीन आठवडे होईपर्यंत १९.

आता तपासणी. मेलेला प्रत्येक कप उलटा करून मुळ्या धुऊन बघितल्या आणि त्या रोपाचे फोटो तारखेने लावले. १९ पैकी १६ रोपांत क्रम एकच होता: आधी पानाच्या कडा वाळल्या, मग पान गेलं, मग त्या मेलेल्या पानाच्या देठावर बुरशी धरली आणि तिथून ती बुंध्यात शिरली. म्हणजे बुरशी आयत्या मेलेल्या भागावर आली. उरलेल्या तीन रोपांत मात्र उलटं होतं, पान ताठ असतानाच बुंध्याला बुरशी, आणि ती तिन्ही उपटल्यावर मुळ्यांच्या बेचक्यात अगाराचा गोळा तसाच चिकटलेला सापडला. अगारात साखर असते, बरणीत ती रोपाचं अन्न असते आणि बाहेर आली की बुरशीचं. त्यामुळे 'अगार नीट धुवा' हा सल्ला अगदी बरोबर आहे, फक्त माझ्या १९ मधल्या तीनच रोपांचं मरण त्याने समजतं.

कोकोपीट मुठीत दाबलं तर पाण्याची धार लागत होती, तुटलेल्या मुळ्यांची टोकं काळी आणि मऊ. वरून पानं पाणी गमावत होती आणि खाली मुळ्यांना हवा नव्हती, मग त्या पाणी ओढणार कशा. रोप वाळतंय असं दिसलं की आपला हात पाण्याकडेच जातो, आणि इथे नेमकं तेच त्यांना जास्त नडलं.

जगलेली सात कोण होती हेही बघितलं. ती सगळी शेवटच्या दोन बरण्यांतली, जी मी उशिरा रुटिंगला टाकली होती म्हणून काढताना जेमतेम चार आठवड्यांची होती. सगळ्यात बुटकी, पानं छोटी, मुळ्या ३-४ सेंटीमीटरच्या पण जाड, पांढऱ्या आणि धुताना न तुटलेल्या. मी त्यांना कमकुवत समजून डब्याच्या मागच्या रांगेत ठेवली होती.

मग एक साधा प्रयोग केला, घरी कुणालाही करता येईल असा, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त शिकवणारा तोच. एका चालू बरणीतून एक पान कापलं, आणि जगलेल्या रोपाला बाहेर आल्यावर फुटलेलं एक नवं पान कापलं. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, पंखा बंद. अर्ध्या तासात बरणीतल्या पानाच्या कडा वळल्या आणि कुरकुरीत झाल्या, बाहेर फुटलेलं पान तसंच्या तसं मऊ. दोन्ही एकाच जातीची, एकाच मूळ कोंबापासून आलेली, तरी इतका फरक.

कारण असं की बरणीतली हवा जवळजवळ १०० टक्के दमट असते. तिथे वाढलेल्या पानाला पाणी वाचवायची वेळच येत नाही, म्हणून त्याच्यावरचा मेणाचा थर अगदी पातळ राहतो आणि पर्णरंध्रं, म्हणजे पानाची ती बारीक भोकं, नीट मिटायला शिकलेलीच नसतात. बाहेर काढल्यावर ती उघडीच राहतात. वर त्या पानाने आयुष्यभर मीडियातली साखर खाल्लेली असते, त्यामुळे स्वतःचं अन्न उजेडातून बनवायची ताकदही कमीच. हे पान बाहेर आल्यावर सुधारत नाही, निदान फारसं नाही. जे सुधारलेलं असतं ते पुढचं पान, जे बाहेरच्या हवेत पोंग्यातून (गुंडाळलेल्या कोवळ्या पानातून) उलगडतं. मुळ्यांचंही थोडं तसंच, अगारात वाढलेल्या मुळ्यांना केसमुळं कमी असतात, कोकोपीटमध्ये गेल्यावर नव्या बाजूच्या मुळ्या फुटतात आणि खरं काम त्या करतात. म्हणजे मी ज्या १२ सेंटीमीटरच्या मुळ्यांसाठी तीन आठवडे जास्त थांबले त्यांचा उपयोग थोडाच होता, आणि त्याच तीन आठवड्यांत पानं मोठी होऊन पाणी उडायला जागा दुप्पट झाली होती.

हवेचं गणितही एकदा मांडून बघितलं तेव्हा झाकणाची किंमत कळली. २७ अंशाला हवा पूर्ण दमट असेल तर तिच्यातल्या वाफेचा दाब साधारण ३.६ किलोपास्कल असतो. ९५ टक्के दमट डब्यात पानावर ओढ पडते फक्त ०.१८ ची, आणि ५० टक्के दमट खोलीत १.८ ची. झाकण काढलं त्या दुपारी मी त्या पानांवरची ओढ एका मिनिटात दहापट केली होती.

दुसरा लॉट २४ रोपांचा. यावेळी चार आठवडे होताच काढली, ३-४ पानं आणि ३ ते ५ सेंटीमीटर मुळ्या एवढंच बघितलं. काढायच्या आधी तीन दिवस बरणीचं झाकण फिरवून सैल केलं, तेही त्याच खोलीत, त्याच उजेडात. तीनच दिवस, कारण त्याहून जास्त ठेवलं तर साखरेच्या मीडियात बाहेरची बुरशी उतरते. नळाची धार बंद, कोमट पाण्याच्या भांड्यात रोप बुडवून अगार आपोआप मऊ होऊ दिला आणि चित्रकलेच्या मऊ ब्रशने मुळ्यांच्या बेचक्यातून काढला, वेळ लागतो पण अगार काढताना एकही मुळी तुटली नाही. ज्या एक-दोन लांब होत्या त्या कात्रीने ४ सेंटीमीटरवर स्वच्छ कापल्या, कपात वळवून कोंबलेल्या मुळीपेक्षा कापलेली बरी.

कोकोपीट आधी साध्या पाण्याने तीन-चारदा धुतलं कारण त्यात मीठ असतं, मग उकळतं पाणी ओतून गार केलं, आणि मुठीत घट्ट दाबल्यावर दोन-चारच थेंब पडतील इतकं पिळलं. दोन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट. लावल्यावर पहिले दहा दिवस एक थेंब पाणी घातलं नाही, बंद डब्यात ते उडून जाणार तरी कुठे. कप उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावली, ती अजून उपयोगी पडते. बुरशीनाशकाचा मुद्दा डोक्यातून जात नव्हता म्हणून १२ रोपं कार्बेन्डाझिममध्ये बुडवून लावली, १२ नुसती.

याच लॉटमध्ये एक अपघात झाला आणि तो फार कामाचा निघाला. रोपं एकमेकांपासून सुटी करताना पाच कोंब मुळ्यांपासूनच तुटले, खाली काहीच नाही, नुसता बुंधा. टाकून द्यायचं जिवावर आलं म्हणून त्याच डब्यात कडेला तसेच खोचले. पाचपैकी चार लागले, दोन-अडीच आठवड्यांत ओढून बघितलं तर जागचे हलेनात. ज्यांना मुळ्याच नव्हत्या त्यांतले चार झाकणाखाली जगले, आणि पहिल्या लॉटमधली लांबलचक मुळ्यांची रोपं झाकण काढल्यावर गेली. हे दोन आकडे मी वहीत शेजारी शेजारी लिहिलेत. आता तर वाटतं की घरच्या घरी रुटिंगची पायरीच गाळून कोंब थेट डब्यात रुजवायलाही हरकत नाही, फक्त कोंब ५-६ सेंटीमीटर उंच आणि बुंधा जरा भरलेला हवा, एकदम बारीक कोंब त्यात टिकणार नाहीत.

हवा द्यायला यावेळी कॅलेंडर बघितलंच नाही, पोंगा बघितला. लावल्यानंतर फुटलेलं पहिलं पान पूर्ण उलगडेपर्यंत झाकण बंद. कुठल्या रोपाला ९ दिवस लागले, कुठल्याला १४. बहुतेकांचं उलगडल्यावर झाकणाला एक छोटं भोक. दुसरं पान आल्यावर झाकण बोटभर सरकवलं. तिसरं पान आल्यावर झाकण काढलं पण फक्त रात्री, सकाळी परत लावलं, कारण रात्री हवा गार असते, दमटपणा जास्त असतो आणि उजेड नसल्यामुळे पानावर ताण कमी. चार-पाच रात्री तसं काढल्यावर मग दिवसा. एकूण साधारण साडेचार आठवडे लागले. मधे बरणीतली जुनी पानं पिवळी पडायला लागली तेव्हा पोटात गोळा आला होता, पण ती जाणारच असतात. नवं पान येतंय ना एवढंच बघायचं, आणि जुनं पान पूर्ण वाळेपर्यंत कापायचं नाही, त्यातलं जे काही असतं ते रोप ओढून घेत असतं. वाळलं की मात्र लगेच काढा, बुरशी तिथेच बसते.

खत दुसरं पान आल्यावर, १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. त्याआधी दिलेलं खत घ्यायला मुळ्याच तयार नसतात, नुसतं मीठ साचतं.

२४ पैकी २१ जगली. गेलेल्या तीनपैकी दोन डब्याच्या खिडकीकडच्या कोपऱ्यातली होती. एका सकाळी थेट ऊन त्या कोपऱ्यावर आलं आणि मी बघितलं तेव्हा आतल्या थर्मामीटरवर ३९ अंश होते. बंद पारदर्शक डबा आणि थेट ऊन हे कधीच एकत्र येऊ देऊ नका, २६ ते २८ अंश आणि एलईडीचा १६ तास उजेड पुरतो. तिसरं बुंध्याच्या कुजीने गेलं. बुरशीनाशकवाल्यांत ११ जगली, नुसत्यांत १०, आणि ऊन लागलेली दोन्ही नुसत्यांतलीच होती. इतक्या कमी रोपांवरून औषध नकोच असं मी म्हणणार नाही, पण माझ्या डब्यात तरी वाचवायचं काम झाकणाने आणि कमी पाण्याने केलं.

त्यानंतर मोठ्या पिशव्या, ५० टक्के सावली, सहा आठवडे. या काळात पानांवर चॉकलेटी-लाल डाग दिसतात, पहिल्यांदा बघितल्यावर मला रोग वाटला होता, पण ग्रँड नैनच्या लहान टिश्यू कल्चर रोपांत ते नेहमीचेच आणि मोठं झाल्यावर जातात. रोगाचं म्हणाल तर वेगळी गोष्ट लक्षात ठेवा: टिश्यू कल्चर केलं म्हणजे व्हायरस गेला असं होत नाही. मातृरोपात बंची टॉप किंवा काकडी मोझॅक (केळीचे दोन व्हायरस रोग) असेल तर तो बरण्यांतून पुढच्या रोपांतही जाऊ शकतो, म्हणून मुनवा घेतानाच झाड नीट पारखून घ्यायचं. आणि एकाच कल्चरवर आठ-दहाच्या पुढे सबकल्चर मी करणार नाही, जितके फेरे वाढतात तितकी वेगळी निघणारी रोपं वाढतात, कॅव्हेंडिश गटात त्यात बुटकी सगळ्यात जास्त.

माझ्या २१ मध्ये असं एक आहे बहुतेक. बाकीची २५-३० सेंटीमीटर झालीत, सहा पानं आहेत, जमिनीत जायला तयार. हे एक १४ वरच थांबलंय, पानं आखूड, रुंद आणि एकावर एक दाटीने आलेली. मुळ्या बघितल्या, पांढऱ्या आणि भरपूर, पाणी खत सगळं बाकीच्यांसारखंच, त्यामुळे ते मागे पडलेलं नाही, वेगळंच आहे असं वाटतं. त्याला वेगळ्या कुंडीत लावलंय, दर रविवारी उंची मोजते, आणि ते ज्या बरणीतून आलं त्या बरणीतून आलेल्या बाकी तीन रोपांवर लाल दोरा बांधून ठेवलाय.